‘भव्य’ कुठून आला आणि कुठे वापरावा

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या आसपासची लेणी, मंदिरं आणि किल्ले यांवर एक छोटी पुस्तिका निघते आहे. मजकुरात ‘भव्य’ इतक्या वेळा आला की लिहिणाऱ्यांनाच शंका आली, हा शब्द मुळात आला कुठून? गटात दोन मतं पडली. एकाचं म्हणणं, ‘भव’ म्हणजे शंकर, त्याच्यासारखं ते भव्य. दुसऱ्याचं म्हणणं, ‘भय’वरून, कारण इतकं मोठं काही समोर आलं की आधी धडकीच भरते. आणि या सगळ्यामागचा खरा प्रश्न असा की पाहताक्षणी छाती दडपून जावी अशा थोरवीसाठी मराठीत नेमका शब्द कोणता, भव्य, विराट की उदात्त?

मी नाशिकमध्ये मुद्रितशोधनाचं आणि संपादनाचं काम करते. देवस्थानांची माहितीपत्रकं, मंडळांच्या स्मरणिका, शाळांचे गौरवग्रंथ, पत्रिका, फलक, असं सगळं हाताखालून जातं. संस्कृत कॉलेजात शिकले, पण ‘भव्य’ या शब्दाशी माझी ओळख झाली ती तो खोडता खोडता. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधीच सांगून ठेवते की शब्द कुठून आला याचं उत्तर ठामपणे देता येतं. तो कुठे वापरावा हे मात्र तुमची पुस्तिका कोण वाचणार आणि तुम्ही कशाचं वर्णन करताय यावर ठरेल. तिथे मी माझी पद्धत सांगू शकते, नियम नाही.

‘भव्य’ हा ‘भू’ या धातूपासून झाला आहे. भू म्हणजे असणं, होणं. त्याला ‘य’ हा प्रत्यय लागला की ‘भू’चा गुण होऊन, म्हणजे ‘ऊ’चा ‘ओ’ होऊन, ‘भो’ होतो आणि पुढे ‘य’ असल्यामुळे ‘भो’चा ‘भव्’ होतो. पाणिनीचं ‘वान्तो यि प्रत्यये’ (६.१.७९) हे सूत्र याच कामासाठी आहे. ‘भव’ हा शब्दही भू धातूचाच, पण त्याचा प्रत्यय वेगळा. म्हणजे भव आणि भव्य हे बापलेक नव्हेत, सख्खे भाऊ आहेत. भव हे शंकराचं नाव आहे हे खरं, भवसागरातला भव म्हणजे संसार हेही खरं, पण भव्य त्यांच्यातून निघालेला नाही. पहिलं मत त्यामुळे घराण्यापर्यंत बरोबर पोचलं आणि नात्यात चुकलं.

दुसरं मत घराण्यातच चुकतं. भयाचा धातू ‘भी’. त्यातून भय, भीती, भीषण, भयानक आणि भीम हे शब्द आले. गंमत म्हणजे पाणिनीने भव्य आणि भीम या दोघांचीही वेगळी दखल घेतली आहे आणि तीही अगदी जवळजवळ. तिसऱ्या अध्यायाच्या चौथ्या पादात ६८ वं सूत्र ‘भव्य’ने सुरू होतं आणि ७४ वं सूत्र आहे ‘भीमादयोऽपादाने’. ज्याच्यापासून भ्यावं, तो भीम. म्हणजे धडकी भरवणाऱ्या मोठेपणासाठी संस्कृतात सोय होती, पण ती ‘भव्य’मध्ये नव्हती, ‘भीम’मध्ये होती. आपण ‘भीमकाय’ म्हणतो त्यात ती अजून शिल्लक आहे.

६८ व्या सूत्रात काय म्हटलंय ते थोडं उलगडायला हवं, कारण सगळी किल्ली तिथे आहे. हा ‘य’ प्रत्यय मराठीत आपण रोज वापरतो. पेय म्हणजे प्यायचं ते, दृश्य म्हणजे पाहायचं ते, पूज्य म्हणजे पूजा करावी असा. या शब्दांत क्रिया करणारा नसतो. पेय स्वतः पीत नाही, पूज्य माणूस स्वतः पूजा करत नाही. पाणिनी सांगतो की भव्य, गेय, जन्य अशा मोजक्या शब्दांत हाच प्रत्यय विकल्पाने कर्त्यालाही लागतो. म्हणून भव्य म्हणजे ‘व्हायचं ते’ आणि भव्य म्हणजे ‘जो होतो, होणार आहे तो’, दोन्ही. आकार, उंची, लांबी-रुंदी यांपैकी काहीच या शब्दाच्या जन्मात नाही. ‘होणं’ आहे आणि ‘योग्यता’ आहे.

जुन्या ग्रंथांत तो तसाच सापडतो. पुरुषसूक्तातली ओळ अभिषेकाच्या वेळी किती जणांनी ऐकली असेल: ‘पुरुष एवेदं सर्वं यद्भूतं यच्च भव्यम्’. जे झालं आणि जे होणार आहे, ते सगळं पुरुषच. विष्णुसहस्रनामाच्या पहिल्याच श्लोकात ‘भूतभव्यभवत्प्रभुः’ येतं. झालेल्याचा, होणाऱ्याचा आणि आत्ता असणाऱ्याचा स्वामी. घरात आजी रोज हे म्हणत असते आणि नातवाला वाटतं, देव खूप मोठा आहे असं काहीतरी चाललंय. इथे भव्य म्हणजे निव्वळ भविष्यकाळ.

‘होणारं’पासून ‘चांगलं’पर्यंत शब्द कसा सरकला, हे कळायला मराठीतलाच ‘होतकरू’ शब्द घ्या. ‘होणे’ हे क्रियापद मुळात ‘भू’चंच, भवतिचं प्राकृतात होइ झालं आणि तिथून आपल्याकडे होणे आलं. होतकरू मुलगा म्हणजे ज्याचं पुढे काही होणार आहे तो. नुसतं ‘होणार’ म्हटलं तरी ऐकणारा ‘चांगलं होणार’ असंच समजतो. भव्यचंही तेच झालं. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात तो शुभ आणि कल्याण या अर्थाच्या शब्दांच्या रांगेत बसलेला आहे: ‘भावुकं भविकं भव्यं कुशलं क्षेमम्’. शेजारी ‘भावुक’ पाहून दचकू नका. तोही तिथे मंगल याच अर्थाने आहे, डोळ्यांत पाणी आणणाऱ्या मालिकांशी त्याचा संबंध नंतरचा.

तुमच्या पुस्तिकेत मांगीतुंगी आणि म्हसरूळची चांभारलेणी म्हणजे गजपंथा आहेत, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगते. जैन परंपरेत ‘भव्य’ हा पारिभाषिक शब्द आहे. ज्या जीवात मोक्षाला जाण्याची पात्रता आहे तो भव्य, ज्याच्यात नाही तो अभव्य. तत्त्वार्थसूत्रात ‘जीवभव्याभव्यत्वानि च’ असं सूत्रच आहे. तिथे ‘भव्य जीव’ म्हटलं की धिप्पाड माणूस डोळ्यांसमोर आणायचा नसतो. मांगीतुंगीला २०१६ साली प्रतिष्ठापना झालेली ऋषभदेवांची १०८ फुटांची मूर्ती आहे. तिच्याखाली आपण ‘भव्य मूर्ती’ लिहितो तेव्हा आपल्या मनात फूट असतात. तिथे दर्शनाला आलेल्या जैन वाचकाला मात्र त्याच शब्दाचा दुसरा, फार जुना अर्थ ठाऊक असू शकतो. चूक कुणाचीच नाही. पण या एका ठिकाणी मी तुमच्या जागी असते तर ‘भव्य’ऐवजी सरळ ‘१०८ फूट उंच’ लिहिलं असतं.

मग मोठेपणा आला कधी? नेमकं साल सांगता येईल अशी ही गोष्ट नव्हे, पण मधली पायरी मराठीत अजून दिसते. ‘भव्य कपाळ’ हा शब्दप्रयोग आठवा. जुन्या चरित्रांमधल्या थोर पुरुषांना ते हटकून असायचं. कपाळ म्हणजे नशीब लिहिलेली जागा. ते रुंद असणं हे सुलक्षण, पुढे काही होणार याची खूण. आता ‘भव्य कपाळ’ म्हणजे शुभ कपाळ, होतकरू कपाळ की रुंद कपाळ? तिन्ही एकाच वेळी. माझा तर्क असा की अशाच जोडीतून अर्थ ‘चांगलं’वरून ‘ऐसपैस’वर घसरला. एकदा कपाळ आणि छाती भव्य झाल्यावर वाडा, सभामंडप आणि पटांगण व्हायला कितीसा वेळ लागतो? शिवाय मराठी कानाला ‘भ’ जड वाटतो. भारी, भक्कम, भरीव, भारदस्त यांच्या पंगतीत ‘भव्य’ बसला की तो किरकोळ गोष्टीला लावावासा वाटतच नाही.

हे एकट्या भव्यच्याच बाबतीत झालेलं नाही. मराठीला परक्या विशेषणांतून आकार काढायची खोडच आहे. संस्कृतात ‘अजस्र’ म्हणजे कधी न थांबणारं, अखंड. आपण अजस्र यंत्र म्हणतो तेव्हा ते बंद पडलेलं असलं तरी चालतं. ‘प्रचंड’मध्ये चंड आहे, म्हणजे उग्र, तापट, आपल्याला प्रचंड आनंदही होतो. याच्या नेमका उलट गेलेला शब्द म्हणजे आपला ‘थोर’. त्याचं मूळ ‘स्थूल’. तो जाडीपासून निघाला आणि महात्म्यांपर्यंत पोचला. भव्य योग्यतेपासून निघाला आणि मंडपाच्या मापापर्यंत आला. दोघांची वाटेत कुठेतरी गाठ पडली असणार.

अर्थाचे हे सगळे थर एकत्र पाहायचे असतील तर फार लांब जायला नको. समर्थ रामदासांनी तपश्चर्या केली ते टाकळी आता नाशिक शहरातच आहे, आणि त्यांचं मारुतिस्तोत्र तुम्हाला पाठ असेलच. सुरुवातच ‘भीमरूपी’ने. म्हणजे भय वाटावं असं रूप. तिसऱ्याच श्लोकात ‘भव्यसिंदूरलेपना’. शेंदूर काही आकाराने मोठा नसतो. तिथे भव्य म्हणजे शोभणारा, मंगल. आणि खरा आकाराचा मोठेपणा सांगायची वेळ येते तेव्हा समर्थ दोन्हीपैकी एकही शब्द वापरत नाहीत: ‘अणूपासोनि ब्रह्मांडाएवढा होत जातसे’. ‘आहे’ नाही, ‘होत जातसे’. भू धातू इथे क्रियापद होऊन आला आहे, आणि तो चालू आहे. ‘भव्य’चा धात्वर्थ एखाद्या ओळीत जिवंत दाखव असं मला कुणी सांगितलं तर मी हीच ओळ दाखवेन.

आता छाती दडपण्याबद्दल. तुमच्या प्रश्नातला हा भाग मला सर्वात महत्त्वाचा वाटतो, कारण ‘भव्य’ त्यात कमी पडतो. भव्य गोष्ट पाहून माणूस खूश होतो, मान वर करून पाहतो, फोटो काढतो. घाबरत नाही. पण तुम्ही विचारताय ती भावना दुहेरी आहे: आनंद आणि भय एकाच क्षणी. तिचं सगळ्यांत नेमकं वर्णन गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुनाच्या तोंडी आहे: ‘अदृष्टपूर्वं हृषितोऽस्मि दृष्ट्वा भयेन च प्रव्यथितं मनो मे’. पूर्वी कधी न पाहिलेलं पाहून मी हरखलो आहे आणि भयाने माझं मन कापतंही आहे. त्या अध्यायात त्या रूपाला शब्द कोणते आहेत बघा. ऐश्वर, अद्भुत, उग्र. दृश्याला एक शब्द पुरत नाही म्हणून अद्भुत आणि उग्र शेजारी शेजारी ठेवले आहेत.

ज्ञानेश्वर या अध्यायाची सुरुवात करताना रसांची भाषा बोलतात: ‘जेथ शांताचिया घरा अद्भुत आला आहे पाहुणेरा’. त्यांचे गुरू आणि थोरले बंधू निवृत्तिनाथ यांची समाधी तुमच्या पुस्तिकेतल्या त्र्यंबकेश्वरी आहे, म्हणून ही ओळ तुम्हाला हक्काने वापरता येईल. अद्भुत या रसाचा स्थायीभाव, म्हणजे मुळातली भावना, विस्मय. नाट्यशास्त्रात तो कशाने उत्पन्न होतो याची यादी आहे आणि तीत दिव्य जनांचं दर्शन, इंद्रजाल यांच्याबरोबर देवळात जाणं हेही आहे. त्यानंतर माणसाचं काय होतं तेही दिलंय: डोळे विस्फारतात, पापणी लवत नाही, अंगावर रोमांच, डोळ्यांत पाणी. मला या यादीचं कौतुक अशासाठी वाटतं की तिने वास्तूला विशेषण लावण्याऐवजी पाहणाऱ्याचे डोळे पाहिले.

यास्काने निरुक्तात, म्हणजे वेदांतल्या शब्दांचे अर्थ सांगणाऱ्या ग्रंथात, ‘अद्भुत’चा अर्थ ‘अभूतमिव’ असा दिला आहे: जणू कधी झालंच नव्हतं असं. म्हणजे त्याच्या मते भव्य आणि अद्भुत एकाच ‘भू’कडे दोन बाजूंनी पाहतात. जे व्हायचंच होतं ते भव्य. जे होईल असं वाटलं नव्हतं ते अद्भुत.

विराटचं काय, तर तो ‘वि’ आणि ‘राज्’ यांचा. राज् म्हणजे झळकणं, आणि राज्य करणंही. ‘विराजमान’मध्ये तोच आहे. मूळ शब्द विराज्, त्याची प्रथमा विराट्. म्हणजे इथेही जन्मतः आकार नाही, तेज आणि सत्ता आहे. पण त्याच पुरुषसूक्तात ‘तस्माद्विराळजायत’ आहे, त्यापासून विराज् जन्मला, आणि पुढे विराट पुरुष म्हणजे सगळं विश्व व्यापणारा ही कल्पना रुजली. म्हणून विराटमध्ये नजरेत न मावणं आहे. ज्याच्या कडा दिसतात ते विराट नव्हे. सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी रामकुंडावर लोटणारी गर्दी विराट म्हणता येईल, कारण ती कुठे संपते ते दिसत नाही. एखादा मंडप कितीही मोठा असो, त्याला चार खांब दिसतात, तो भव्य. ‘विराट सभा’ हा शब्दप्रयोग मराठीत टिकला आणि ‘विराट दालन’ रुळला नाही, यामागे हेच असावं.

उदात्तबद्दल थोडक्यात. उद्, आ आणि दा, म्हणजे वर उचलून घेतलेला. आधी तो स्वराचा शब्द: ‘उच्चैरुदात्तः’. छापील ऋग्वेदात अनुदात्ताखाली आडवी रेघ असते, स्वरिताच्या डोक्यावर उभी, आणि उदात्ताला खूणच नसते. पुढे साहित्यशास्त्रात धीरोदात्त नायक आला, उदात्त अलंकार आला. इंग्रजीतल्या ‘सब्लाइम’ला मराठी समीक्षेने हाच शब्द दिला, म्हणून तुमच्या गटातल्या एम. ए. झालेल्या कुणीतरी तो सुचवला असेल तर ते योग्यच आहे. पण सर्वसाधारण वाचकाच्या मनात उदात्त हे विचाराला, हेतूला, त्यागाला लागतं. ‘उदात्त डोंगर’ लिहिलंत तर वाचक अडखळेल. समीक्षेत चालेल, पुस्तिकेत नको.

आणि ‘दिव्य’? तो आकाशाचा, स्वर्गाचा शब्द. मराठीत त्याचा एक जुना भीतिदायक अर्थही आहे, खरंखोटं ठरवण्यासाठी उकळत्या तेलात हात घालायचं ते दिव्य. आपण अजून ‘दिव्यातून जाणं’ म्हणतो. ‘भव्यदिव्य’ अशी जोडी झाल्यापासून मात्र त्याच्यातला अर्थ गेला आणि ठेका उरला.

आता कामाचं. माझ्याकडे ‘भव्य’ असलेला मजकूर आला की मी एकच तपासते: तो शब्द काढल्यावर वाचकाची काही माहिती कमी होते का? ‘भव्य रक्तदान शिबिर’, ‘भव्य शुभारंभ’, ‘भव्य खुल्या कबड्डी स्पर्धा’, इथे काहीच कमी होत नाही. (रक्तदान शिबिराला अमरकोशाचा कल्याण हा अर्थ लावला तर ते खरोखर भव्य ठरतं, पण तसं मनात धरून कुणी फलक छापत नाही.) मंडळाच्या फलकावर मी तो खोडत नाही. तिथे भव्य हा निमंत्रणाचा रिवाज आहे, कुणी त्याला वर्णन समजत नाही. पुस्तिकेत मात्र ते वर्णन असतं आणि म्हणून तिथे जबाबदारी येते.

शब्द काढून माहिती कमी होत असेल, तर ती कोणती ते लिहायचं. सिन्नरचं गोंदेश्वर घ्या. यादवकाळातलं पंचायतन, मध्ये मुख्य मंदिर आणि चार कोपऱ्यांत चार लहान. तिथे माणूस दबत नाही. भूमिज शिखरावर एकावर एक चढत गेलेल्या लहान शिखरांच्या ओळींकडे तो बघत राहतो, जवळ जातो, कोरीवकामावरून हात फिरवतो. त्याला मी देखणं म्हणेन, रेखीव म्हणेन. ‘भव्य’चा जुना, ‘जसं असायला हवं तसं’ हा अर्थ त्याला चपखल बसतो, पण आजचा वाचक तो अर्थ वाचणार नाही. हरिहरच्या कातळात खोदलेल्या पायऱ्यांना भव्य म्हणणं तर साफ चूक. त्या अरुंद आहेत, जवळजवळ उभ्या आहेत, आणि खाली बघितलं की पोटात गोळा येतो. तिथे भीम घराण्यातला शब्द हवा. साल्हेर, १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सर्वात उंच किल्ला, वरून सगळं बागलाण पायाशी. तिथे विराट लिहिलंत तर मी हात लावणार नाही.

काळाराम मंदिराच्या बाबतीत मी जरा जास्त सावध असते. तिथल्या दरवाजांना ‘भव्य महाद्वार’ लिहिण्याचा मोह सगळ्यांना होतो. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला तो याच दरवाजांसमोर, आणि ते बंद होते. बाहेर बसलेल्या माणसाला त्या दाराची उंची दडपत होती ती वेगळ्या कारणाने. त्याच पानावर सत्याग्रहाचा उल्लेख असेल, आणि असायलाच हवा, तर वर ‘भव्य’ लिहून खाली तो उल्लेख करणं मला बेसूर वाटतं. ‘काळ्या पाषाणातला उंच दरवाजा’ एवढं लिहा. दोन्ही वाचकांना पुरेल.

पांडवलेण्यांसाठी तर तुम्हाला शब्द शोधायचीही गरज नाही. तो तिथेच कोरलेला आहे. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा शिलालेख आहे, सातवाहन राजा पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षातला, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. मुलाचं वर्णन करताना तो हिमवत, मेरू आणि मंदर या पर्वतांच्या तोडीचा, ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यालं असा, असं म्हटलंय. लेण्याबद्दल म्हटलंय की कैलासाच्या शिखरासारख्या या तिरण्हु पर्वताच्या शिखरावर, देवांच्या श्रेष्ठ विमानाहून वेगळं न वाटणारं, ‘महिढीक’ लेणं. महिढीक म्हणजे संस्कृतात महर्द्धिक, मोठी ऋद्धी असलेलं. पुढे समर्थांनी मारुतिस्तोत्रात ‘मेरुमंदार धाकुटे’ म्हटलं, त्याच दोन पर्वतांचं माप या शिलालेखात आधीच वापरलेलं आहे. मला तरी ‘भव्य लेणी’ या दोन शब्दांपेक्षा ‘ज्या लेण्याला खुद्द बलश्रीने महिढीक म्हटलं’ हे वाचायला आवडेल. शब्द अवघड आहे, एका वाक्यात अर्थ द्या, वाचक लक्षात ठेवतो.

या सगळ्यातून तुमच्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर असं निघतं की हर्ष आणि भय दोन्ही सामावणारा, वास्तूला सहज लावता येईल असा एकच शब्द मराठीत मला सुचत नाही. जवळात जवळचा ‘अद्भुत’, पण तो आता जाहिरातीतल्या साबणालाही लागतो. आपली भाषा हे काम विशेषणाकडे न देता क्रियापदाकडे देते. डोळे दिपले. छाती दडपली. वाचा बसली. अंगावर काटा आला. हात आपोआप जोडले गेले. ‘भव्य सभामंडप आहे’ यापेक्षा ‘सभामंडपात पाऊल टाकलं की आवाज आपोआप खाली येतो’ हे वाक्य लांब आहे, पण तिथे जाऊन आलेल्या माणसाने लिहिलंय असं वाटतं. अट एकच, तसं खरोखर झालेलं असावं. न झालेला काटा कागदावर आणला की तो लगेच ओळखू येतो.

पूर्ण पुस्तिकेत ‘भव्य’ अजिबात नको असं मी म्हणत नाही. एकदोन जागी ठेवा. जिथे मोठेपणाबरोबर प्रसन्नताही आहे, जिथे वास्तू माणसाला लहान करत नाही तर ताठ उभं करते, तिथे तो शोभतो. सरकारवाड्याचा चौक मला तसा वाटतो. तुम्हाला वाटतो का ते तुम्ही तिथे उभं राहून ठरवा.

लेखनाच्या तुम्ही विचारलेल्या तीन बारीकसारीक गोष्टी. ‘विराट’ मराठीत पाय न मोडता लिहायचा. संस्कृत ओळ उद्धृत करत असाल तरच तिच्या मूळ रूपाला हात लावू नका. ‘भव्यदिव्य’ सलग, मध्ये रेघ नको. ‘भव्यातिभव्य’ संधीच्या दृष्टीने बिनचूक आहे, तरी तो मुखपृष्ठावरून काढा.